वजने उचलल्यावर अंग का दुखते आणि स्नायू कसा वाढतो : जिममध्ये नव्याने जाणाऱ्यांसाठी पहिले तीन महिने

पहिल्यांदा वजने उचलली की त्याच दिवशी संध्याकाळी फारसे काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठायचे म्हटले तरी हातांचा आधार घ्यावा लागतो. माझ्या बाबतीत हे पंचविशीत घडले. जिममधील ट्रेनरने पहिल्याच दिवशी स्क्वॉट, लेग प्रेस आणि लंजेस मिळून पंधरा-सोळा सेट (एका दमात सलग केलेली आवर्तने म्हणजे एक सेट) करून घेतले होते. तिसऱ्या दिवशी स्टेशनचा पूल मी कसाबसा चढलो, पण उतरताना प्रत्येक पायरीवर गुडघा दुमडला की मांडीतून असा ठणका येई की दोन्ही हातांनी कठडा धरून, पाऊल तिरके टाकत मला खाली यावे लागले. जिममध्ये सांगितल्यावर उत्तर मिळाले, ‘दुखतंय म्हणजे वाढतंय.’ पुढची दोन वर्षे मी हेच वाक्य खरे मानून व्यायाम केला, न दुखलेला आठवडा वाया गेला असे समजलो, आणि अंगात फारसा फरक पडला नाही.

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात लिहिलेला आहे. स्नायू दुखणे आणि स्नायू वाढणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या सुरुवातीला एकत्र दिसतात म्हणून एकीवरून दुसरी मोजण्याचा मोह होतो. नवशिक्याने हा फरक पहिल्याच आठवड्यात समजून घेतला, तर त्याचे कित्येक महिने वाचू शकतात.

दुखणे नेमके येते कुठून

व्यायामानंतर उशिराने सुरू होणाऱ्या या दुखण्याला जिममध्ये ‘डॉम्स’ म्हणतात. घरी आपण ‘अंग आंबले’, ‘मांड्या भरून आल्या’ असे म्हणतो. ते साधारणपणे १२ ते २४ तासांनी सुरू होते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि पाच-सात दिवसांत निघून जाते. थिओडोर हॉ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ साली बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून असे मांडले होते की, हे दुखणे थकव्याचे नसून स्नायूच्या आत झालेल्या सूक्ष्म तुटीचे असावे. तरीही आजतागायत ‘लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे अंग दुखते’ हेच आपल्याला सांगितले जाते. ते बरोबर नाही. व्यायाम थांबल्यानंतर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वीच्या पातळीवर येते, आणि दुखणे तर दुसऱ्या दिवशी सुरू होते.

खरे कारण समजण्यासाठी गडावर जाऊन आलेल्या माणसाला विचारावे. राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढताना छाती फुटेल असा दम लागतो, पण पुढचे दोन-तीन दिवस मांड्या ठणकतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत, म्हणजे लांबीला कमी होत, शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू जोर लावलेल्या अवस्थेत ताणला जातो, कारण खाली जाणारे शरीराचे वजन त्याला ब्रेकसारखे रोखून धरायचे असते. या रोखून धरण्याच्या कामात तुलनेने थोडेच तंतू गुंततात, त्यामुळे प्रत्येकावरचा ताण वाढतो आणि तंतूंमधील अतिसूक्ष्म घटकांपैकी काही प्रमाणाबाहेर ताणले जाऊन विस्कटतात. स्टेशनच्या पुलावर मला चढण्यापेक्षा उतरणे जड गेले, त्याचे कारणही हेच होते. दुखावलेल्या स्नायूला नेमके तेच काम पुन्हा करावे लागत होते.

जिममध्येही प्रत्येक हालचालीला असे दोन भाग असतात. डंबेल वर नेताना दंडाचा स्नायू आखडतो आणि डंबेल सावकाश खाली आणताना तो जोर लावत लांबतो. स्क्वॉटमध्ये खाली बसण्याचा भाग हा ‘गड उतरण्याचा’ भाग आहे. विस्कटलेल्या तंतूंची डागडुजी सुरू झाली की तिथे थोडी सूज येते, काही रसायने तयार होतात आणि आसपासची मज्जातंतूंची टोके हळवी होतात. स्नायूभोवतीचे पातळ आवरण तर प्रत्यक्ष स्नायूपेक्षाही अधिक हळवे होते. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणे उशिरा येते. एक गोष्ट इथे विशेष लक्षात ठेवावी : किती दुखते यावरून आत किती इजा झाली आहे हे नीट कळत नाही. थोडीशी इजा झालेला माणूस कण्हत असतो, आणि बरीच इजा झालेल्याला फारसे दुखतही नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

मग वाढ कशाने होते

स्नायूवर पुरेसा ताण पडला की त्या ताणाची खबर पेशींना लागते आणि त्या नवी प्रथिने बांधू लागतात. व्यायामानंतर एक-दोन दिवस हे बांधकाम नेहमीपेक्षा वेगाने चालते. बांधलेले प्रथिन मोडलेल्यापेक्षा जास्त भरले, आणि असे आठवड्यामागून आठवडे घडत राहिले, तर तंतू जाड होतो. स्नायू वाढणे ते हेच. यात दुखण्याचा वाटा किती, हा प्रश्न संशोधकांनी थेट तपासला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका अभ्यासात, पूर्वी कधी व्यायाम न केलेल्या तरुणांच्या मांडीतील स्नायूंचे नमुने सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्यात आणि दहाव्या आठवड्यात घेतले गेले. पहिल्या व्यायामानंतर प्रथिने बांधण्याचा वेग सर्वांत जास्त होता, पण इजाही तेव्हाच सर्वांत जास्त होती, आणि त्या वेगाचा दहा आठवड्यांनंतरच्या वाढीशी काही संबंध लागला नाही. पुढे इजा कमी झाली, तेव्हा मात्र हा संबंध स्पष्ट दिसू लागला. सोप्या भाषेत सांगायचे तर सुरुवातीला सगळे सिमेंट भिंतीच्या भेगा बुजवण्यात जाते, आणि भेगा पडणे थांबले की मजला चढू लागतो.

अमेरिकेतील २०११ सालचा एक प्रयोग याहूनही बोलका आहे. एका गटाला मुख्य व्यायामाआधी तीन आठवडे हळूहळू सवय लावण्यात आली, तर दुसऱ्या गटाला थेट सुरुवात करायला लावली. दुसऱ्या गटाचे अंग चांगलेच दुखले आणि त्यांच्या रक्तात स्नायूंच्या इजेची खूण दिसली. पहिल्या गटात असे काही झाले नाही. शेवटी मोजमाप केले तेव्हा दोन्ही गटांत स्नायूंची वाढ आणि ताकद सारखीच भरली. म्हणजे दुसऱ्या गटाने जे सोसले त्याचा त्यांना काहीही जास्तीचा मोबदला मिळाला नाही.

हे सगळे मनात ठेवून आता प्रत्यक्ष कामाला लागू.

पहिली पायरी : सुरुवात करण्याआधी

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेह, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी स्टॅटिन गटातील गोळी घेणाऱ्यांनी तर ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण त्या गोळीमुळेही काही जणांचे स्नायू दुखतात आणि मग दुखणे व्यायामाचे की औषधाचे हे ओळखणे अवघड होते. वयाची मात्र धास्ती बाळगू नये. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका अभ्यासात वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला गेला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी आणि मांडीतील स्नायूंचा आकार सुमारे ९ टक्क्यांनी वाढला. स्त्रियांनीही ‘वजने उचलली तर अंग पुरुषी दिसेल’ ही भीती मनातून काढून टाकावी. तसे शरीर कमावायला वर्षानुवर्षांचे जाणीवपूर्वक कष्ट लागतात, ते चुकून होत नाही.

दुसरी पायरी : पहिले दोन आठवडे मुद्दाम कमी करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सर्वांत जास्त मोडली जाते तीही हीच. पैसे भरलेले असतात, उत्साह असतो, शेजारचा मुलगा दुप्पट वजन उचलत असतो, आणि थांबायला सांगणारे कोणी नसते.

स्नायूंची एक विलक्षण गोष्ट अशी की, एखादा अनोळखी ताण त्यांनी एकदा सोसला की पुढच्या वेळी त्याच ताणाने त्यांना कितीतरी कमी इजा होते, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. यासाठी आपल्याकडे आधीपासून एक नेमका शब्द आहे : अंगवळणी पडणे. महत्त्वाचे म्हणजे हे संरक्षण मिळवण्यासाठी पहिला ताण मोठा असावा लागत नाही, हलक्या वजनाचे थोडे सेटही त्यासाठी पुष्कळ होतात. तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका कोणी सांगत नाही. गणती दिवसागणिक वाढवत नेतात, त्यामागचे शहाणपण हेच आहे.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. सोमवार, बुधवार, शुक्रवार सोयीचे पडतात. सुरुवातीला सहा हालचाली पुरे आहेत : छातीशी डंबेल धरून केलेला गॉब्लेट स्क्वॉट, बाकावर झोपून डंबेलचा बेंच प्रेस, बसून केबल पोटाकडे ओढण्याचे रोइंग, मांडीच्या मागच्या बाजूसाठी कमरेतून पुढे वाकून वजन खाली-वर नेण्याचा रोमेनियन डेडलिफ्ट, डोक्यावर वजन उचलण्याचा शोल्डर प्रेस आणि वरची दांडी छातीकडे ओढण्याचा लॅट पुलडाउन. ‘आज छाती, उद्या पाठ, परवा पाय’ ही विभागणी नवशिक्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीत एका स्नायूवर एकाच दिवशी दहा-बारा सेट पडतात, तो आठवडाभर दुखतो, आणि त्याची पाळी पुन्हा सातव्या दिवशी येते. तेवढेच सेट तीन दिवसांत वाटले तर दुखणे कमी होते आणि हालचाल शिकण्याची संधी तिप्पट मिळते.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक हालचालीचा एकच सेट करावा, दुसऱ्या आठवड्यात दोन, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीनपर्यंत जावे. एका सेटमध्ये ८ ते १२ आवर्तने, म्हणजे जिमच्या भाषेत रेप्स, असावीत. वजन किती घ्यावे, याचे उत्तर आकड्यात देता येत नाही, पण कसोटी सोपी आहे : दहावे आवर्तन संपल्यावर ‘अजून तीन-चार नीट झाली असती’ असे वाटले पाहिजे. सेट संपवताना काही आवर्तने हातची राखून थांबणे ही पुढेही उपयोगी पडणारी सवय आहे. महिन्याभरानंतर हातचे दोन पुरेत. अधूनमधून एकच राखले तरी चालते, पण पहिल्या महिन्यात शेवटच्या दमापर्यंत ओढू नये.

वजन खाली आणताना दोन-तीन सेकंद घ्यावेत, सोडून देऊ नये. दुखणे याच भागाने येते हे खरे, पण हालचालीवर ताबा आणि वाढीसाठी लागणारा ताणही याच भागातून मिळतो. मुद्दाम सहा-आठ सेकंद लावून वजन उतरवणे, किंवा दोघांनी उचलून दिलेले जड वजन एकट्याने खाली घेणे, हे प्रकार मात्र निदान तीन महिने तरी बाजूला ठेवावेत. आधी पाच-सात मिनिटे हलके चालावे किंवा सायकल मारावी, आणि प्रत्येक हालचालीचा पहिला सेट अगदी हलक्या वजनाने, मोजणीत न धरता करावा.

तिसरी पायरी : दुखणे ओळखायला शिका

व्यायामाचे साधे दुखणे स्नायूच्या मधल्या, मांसल भागात, पसरलेले आणि बोथट असते. ते सहसा दोन्ही बाजूंना सारखे असते, दाबल्यावर किंवा ताणल्यावर जाणवते, स्वस्थ बसल्यावर जवळजवळ नसतेच, आणि थोडे चालल्या-फिरल्यावर सैल पडते. सर्वांत मोठी खूण म्हणजे ते उशिरा येते. याउलट व्यायाम चालू असतानाच चमक निघाली, आतून काही तुटल्यासारखे वाटले, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, दुखणे सांध्यात असेल, एकाच बाजूला असेल, किंवा तिथे काळे-निळे पडले असेल, तर ती दुखापत समजावी, तो व्यायाम ताबडतोब थांबवावा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. हाता-पायात मुंग्या येणे किंवा बधिरपणा येणे हेही साध्या दुखण्यात बसत नाही.

एक धोका दुर्मीळ असला तरी प्रत्येक नवशिक्याला ठाऊक असलाच पाहिजे. न झेपणारा व्यायाम एकदम केल्यास स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर मोडतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो. याला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. लघवीचा रंग कडक चहासारखा किंवा कोलासारखा गडद होणे ही त्याची ठळक खूण. जोडीला स्नायू प्रमाणाबाहेर सुजणे, हात-पाय उचलता न येण्याइतकी अशक्तता आणि मळमळ असू शकते. अशा वेळी रात्र काढू नये, वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नये, थेट रुग्णालयात जावे आणि कोणता व्यायाम कधी केला हे सांगावे. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पहिला दिवस, मोठ्या खंडानंतरचा पहिला दिवस, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात, पुरेसे पाणी न पिता केलेला व्यायाम, या तीन प्रसंगी अधिक जपावे.

चौथी पायरी : दुखत असताना काय करावे

थोडेसे दुखत असेल आणि हलक्या सेटनंतर ते सैल पडत असेल, तर ठरलेला व्यायाम करायला हरकत नाही. त्याने इजा वाढत नाही. पण खाली बसताना अर्ध्यातच अडकत असाल, किंवा नेहमीचे वजन उचलेनासे झाले असेल, तर त्या दिवशी तो भाग सोडून बाकीचा व्यायाम करावा. स्नायूची ताकद अजून परतलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

दुखणे झटपट घालवणारा उपाय खरे तर नाही. हलके चालणे, सायकल, कोमट पाण्याने अंघोळ यांनी तेवढ्यापुरते बरे वाटते. मालिशने दुखणे थोडे कमी होते, हे अभ्यासांतही दिसले आहे, आणि तालमींतून अंग रगडून घेण्याची प्रथा तर जुनीच आहे. फक्त दुखरा भाग पहिल्या दोन दिवसांत जोराने रगडू नये. व्यायामाच्या आधी किंवा नंतर ताणण्याचे व्यायाम केल्याने दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. लवचीकपणासाठी ते अवश्य करावेत, पण दुखणे टाळण्यासाठी म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

वेदनाशामक गोळ्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण घराघरांत त्या सहज घेतल्या जातात. स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तरुणांच्या एका गटाने आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेतले, आणि त्यांच्या मांडीतील स्नायूंची वाढ दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्मी भरली. फार त्रास होतो म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादी गोळी घेतली तर काही बिघडत नाही, पण रोज गोळी घेऊन व्यायाम रेटणे स्नायूंना तोट्याचे आहे आणि पोटाला व मूत्रपिंडांनाही घातक आहे. वजनांच्या व्यायामानंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसण्याचेही तसेच आहे. दुखणे थोडे कमी होते, पण नेहमी तसे केल्यास वाढही कमी होते.

पाचवी पायरी : वही

दुखण्यावरून वाढ मोजायची नाही, तर मग कशावरून मोजायची? माझे उत्तर आहे दहा-पंधरा रुपयांची वही. प्रत्येक व्यायामापुढे तारीख, वजन आणि आवर्तने लिहावीत. माझ्या जुन्या वहीतले एक पान अजून माझ्याजवळ आहे. गॉब्लेट स्क्वॉट, १० किलो : १०, ९, ८. दोन दिवसांनी १०, १०, ९. पुढच्या आठवड्यात ११, ११, १०. मग १२, १२, ११, आणि त्याखाली रेघ मारून १२, १२, १२. त्यानंतरच्या ओळीत वजन साडेबारा किलो झाले आणि आवर्तने परत ९, ८, ८ वर आली. त्या पानावर दुखण्याचा एकही उल्लेख नाही, कारण तोवर दुखणे जवळजवळ थांबले होते, आणि माझ्या मांड्या खरोखर भरू लागल्या त्या त्याच काळात.

पद्धत या पानावरच दिसते. तिन्ही सेटमध्ये १२ आवर्तने नीट होईपर्यंत वजन वाढवायचे नाही, आणि झाली की शक्य तेवढे कमी वाढवायचे. डंबेल बहुधा अडीच किलोंच्या टप्प्यांत असतात. बारबेलला दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या प्लेट लावल्या की तेवढीच वाढ होते. अशी हळूहळू चढती वजने देण्याची रीत थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे पाय पुन्हा उभे करण्यासाठी वापरली आणि १९४५ साली ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली. आजही वजनांच्या व्यायामाचा पाया तोच आहे.

वही भरताना पहिल्या महिन्यात आकडे भराभर वाढतील. ते स्नायू वाढल्याने होत नाही. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंकडून अधिक काम घ्यायला शिकतात, म्हणून ते होते. आरशातही पहिल्या काही दिवसांत दंड भरल्यासारखा दिसेल. त्यात बराचसा भाग सुजेचा असतो आणि तो ओसरला की निराश होऊ नये. डोळ्यांना दिसणारी खरी वाढ सहसा दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून पुढे येते. म्हणून महिन्यातून एकदा सकाळी, शिवणकामाच्या टेपने दंड, छाती आणि मांडीचा घेर एकाच ठिकाणी मोजून त्याच वहीत लिहावा. रोज मोजण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी : ताट आणि झोप

बांधकामाला माल लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. स्नायू वाढवणाऱ्यांसाठी मात्र १.६ ग्रॅमपर्यंत घेण्याचा फायदा होतो असे अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. ६० किलो वजनाच्या माणसाला म्हणजे सुमारे ९५ ग्रॅम. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांना ते फारसे अवघड नाही : एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये २० ग्रॅमांहून थोडे अधिक प्रथिने असतात. शाकाहारी घरात मात्र हिशोब करावाच लागतो, कारण वरण-भात, पोळी-भाजी आणि चहा यांवर दिवस काढला तर आकडा निम्म्यावरच अडतो.

एक दिवस असा मांडून पाहू. दिवसभरात दोन पेले दूध घेतले तर १३ ग्रॅमांच्या आसपास मिळतात. सकाळी ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ११ ग्रॅम देते. दुपारी तीन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण आणि दही यांतून २० ते २२ ग्रॅम येतात. संध्याकाळी चाळीसेक ग्रॅम फुटाणे किंवा शेंगदाणे ८-१० ग्रॅम देतात. रात्री दोन भाकऱ्या आणि पिठले यांचे १६ ग्रॅम, शिवाय ५० ग्रॅम पनीरचे ९ ग्रॅम. इथपर्यंत ८० ग्रॅमांच्या जवळ पोचतो, आणि ३० ग्रॅम सोया चंक्सची भाजी कुठेही बसवली की आणखी १५ ग्रॅमांची भर पडून काम होते. हे ताट महागडे नाही आणि परकेही नाही. प्रोटीन पावडर सोयीची आहे, पण सक्तीची नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावेच. आणि पोट कायम अर्धवट रिकामे ठेवून स्नायू भरण्याची अपेक्षा करू नये. एकूण जेवणच कमी पडत असेल, तर प्रथिनांचा काही भाग रोजच्या कामासाठी इंधन म्हणून खर्ची पडतो.

रात्री सात ते नऊ तास झोप हवी. एक संपूर्ण रात्र जागून काढली तर दुसऱ्या दिवशी स्नायूंमध्ये प्रथिने बांधण्याचा वेग १८ टक्क्यांनी घटतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. रात्रपाळी करणाऱ्यांना झोपेची वेळ निवडता येत नाही, पण दिवसा खोलीत अंधार करून झोप पूर्ण करणे, आणि पाळीनंतर थकलेल्या अंगाने जड वजने न उचलता झोपून उठल्यावर व्यायाम करणे, एवढे त्यांना करता येते.

खंड पडल्यावर

तीन महिन्यांत कधीतरी खंड पडतोच. गणपतीत गावी जाणे होते, परीक्षा येतात, ताप येतो. एखाद्या आठवड्याच्या खंडाने काही बिघडत नाही, होते तेच वजन पुन्हा घ्यावे. तीन आठवडे किंवा त्याहून अधिक गेले असतील, तर पहिल्या आठवड्यात वजन साधारण एक तृतीयांशाने कमी करून प्रत्येक हालचालीचा एकच सेट करावा, दुसऱ्या आठवड्यात दोन सेट करावेत, आणि मग वहीत जिथे थांबलो होतो त्या ओळीकडे परत जावे. एकदा कमावलेली ताकद पुन्हा मिळवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. तापातून उठल्यावर मात्र ताप पूर्ण गेल्यावर, जेवण नीट जाऊ लागल्यावर आणि जिना चढताना धाप लागेनाशी झाल्यावरच पहिला सेट मारावा.